मोटरच्या पट्ट्यात गेलेली बोटं

बाबा, परवा आमच्या कारखान्यात एका बाईची दोन बोटं पत्रा कापायच्या प्रेसखाली गेली. उजव्या हाताची, मधलं आणि अंगठ्याशेजारचं. तुमची गेली होती तीच. तुम्हाला जाऊन अठरा वर्षं झाली आणि मी काही पत्रं लिहिणाऱ्यातली नाही, हे तुम्हालाही ठाऊक आहे. पण दोन दिवस मी घरात कुणाशी धड बोलले नाही, भांडी आपटली, भाजी करपवली. शेवटी नवरा म्हणाला, "काय झालंय ते सांग तरी." त्याला काय सांगणार? जे सांगायचंय ते तुम्हाला सांगायचंय.

मी आता अंधेरी पूर्वेच्या एका गाळ्यात कामाला असते. गॅसच्या शेगड्यांचे पत्र्याचे भाग तिथे बनतात. लोकांची हजेरी, रजा, कामगार विम्याचे कागद हे सगळं माझ्या टेबलावर. माझी तिथली ख्याती काही चांगली नाही. कंबरदुखीचं सर्टिफिकेट आणणाऱ्याच्या हातावर मेंदी दिसली की मी विचारते, "लग्न कसं झालं?" कावीळ झालेला एकजण नाक्यावर वडापाव खाताना सापडला, तेव्हापासून माझा कावीळ या रोगावरच विश्वास उरला नाही. लोक माझ्यामागे म्हणतात, मॅडमला ताप सांगायचा असेल तर थर्मामीटर तोंडातच ठेवून जा. ही खोड कुठून आली हे तुम्हाला वेगळं सांगायला नको. दूधवाल्यासमोर दुधात बोट बुडवून बघणारे तुम्ही. डॉक्टरने दिलेल्या गोळ्या औषधवाल्याला दाखवून "ह्यो खरंच तापाच्यो हत ना?" असं विचारून मगच गिळणारे तुम्ही.

प्रेस तुम्हाला समजावून सांगायला नको, पण एक सांगते, नव्या प्रेसलाही दोन बटणं असतात. दोन्ही हातांनी दोन्ही बटणं एकदम दाबल्याशिवाय प्रेस खाली येत नाही, म्हणजे हात आपोआप बाहेर राहतात. आणि अजूनही आपली माणसं त्यातलं एक बटण अडकवून ठेवतात. एक हात मोकळा राहिला की माल भराभर निघतो. तुम्ही काडेपेटीची काडी खुपसायचात. या बाईने केसातली पिन खुपसली होती. तिला हॉस्पिटलात नेल्यावर मी मशीनजवळ गेले तर ती काळी पिन तशीच बटणाच्या कडेला होती. मी ती काढून पर्समध्ये ठेवली. कुणावर विश्वास नाही म्हणून ठेवली. मॅनेजर पुरावा गायब करतील असं वाटलं, आणि ती बाई उद्या "मी काही अडकवलं नव्हतं" म्हणेल असंही वाटलं. दोन्हीकडून संशय, हा माझा धंदाच झालाय.

तासाभरात मॅनेजर माझ्या टेबलाशी आले. खुर्ची ओढून बसले, म्हणजे काम वाकडं असणार हे मी ओळखलं. "मॅडम, हे आजारपणात टाकून द्या ना. घरी लागलं म्हणून. अपघात लिहिला की इन्स्पेक्शन येणार, सगळ्यांचीच वाट लागेल. तिला पगाराचा भाग मिळेलच की. मिळाल्याशी मतलब." मी म्हटलं, बघते. बाबा, मिळाल्याशी मतलब नसतो. आजारपणाचा भत्ता वर्षातले ठरावीक दिवस मिळतो, ते संपले की संपला. क्षयासारख्या लांबणाऱ्या दुखण्याला मुदत वाढते, तुटलेल्या बोटाला वाढत नाही. कामावर इजा झाली अशी नोंद असेल तर जखम भरेपर्यंत भत्ता चालू राहतो. आणि बोट कायमचं गेलं असेल तर डॉक्टरांचं मंडळ बसतं, कमावण्याची ताकद किती गेली ते ठरवतं आणि त्या मानाने जन्मभर काही ना काही मिळत राहतं. हे तिन्ही प्रकार मला पाठ आहेत. एकाच हाताची तीच दोन बोटं, पण कुठल्या रकान्यात पडतात त्यावर माणसाचं पुढचं सगळं आयुष्य ठरतं.

मला अजून दिसतं, आपल्या जोगेश्वरीच्या खोलीत तुम्ही स्टुलावर बसला आहात. उजव्या हाताला हे एवढं बँडेज, तो हात दुसऱ्याचा असल्यासारखा मांडीवर ठेवलेला. आई मोरीपाशी पाट्यावर वाटण वाटतेय. मी नववीत, अक्षर चांगलं, म्हणून अर्ज माझ्यापुढे. विम्याच्या दवाखान्यातून अर्जासोबत एक गुलाबी पुस्तिका मिळालेली, तीही शेजारी. इजा कुठे व कशी झाली, असा प्रश्न होता. तुम्ही म्हणालात, "लिही, चाळीतल्या पाण्याच्या मोटरच्या पट्ट्यात बोटां गेली." मी पेन उचललं. म्हटलं, "बाबा, आपल्या चाळीला मोटर कुठे आहे?" तेव्हा नळाला पाणी यायचं ते पालिकेच्या मर्जीने यायचं. तुम्ही इतक्या जोरात ओरडलात की आईचा वरवंटा थांबला. "शाणपणा नको शिकवू माका! मी सांगतंय तां लिही. कागदार लुळो म्हणून लागलंय तर उद्या घराक धाडतले. मगे काय खातलंव आपण?"

अर्ज द्यायला तुमच्याबरोबर मीही दवाखान्यात आले, तिथले डॉक्टर भले होते. त्यांनी तुम्हाला दोनदा विचारलं, "नक्की मोटरच ना? कामावर नाही ना लागलं? घाबरू नका, सांगा." तुम्ही दोन्ही वेळा मोटर म्हणालात. मग त्यांनी माझ्याकडे बघितलं. मी फरशीकडे बघितलं. बाहेर आल्यावर तुम्ही म्हणालात, "बघितलंस? कसो गोड बोलून काढून घेय होतो!" तुम्हाला तेही कंपनीचेच माणूस वाटले.

आणि त्याच आठवड्यात घरात मिक्सर आला. नवा कोरा, पिवळ्या झाकणाचा. आई म्हणाली, भिशी लागली. मी मनात म्हटलं, बरोबर याच आठवड्यात? इतकी वर्षं पाटा चालला तो चालला, आणि तुमची बोटं गेली की मिक्सर? मी पक्कं ठरवून टाकलं की तुमच्या कारखान्याच्या शेठने तुमचं तोंड बंद करायला काहीतरी दिलंय. मिक्सर सुरू झाला की मी गॅलरीत निघून जायचे. आईला वाटायचं मला आवाज सहन होत नाही. तीस वर्षं मी हेच धरून बसले, बाबा. तुम्ही विकले गेलात. उघड कधी बोलले नाही, पण तुमच्याशी वागताना ते माझ्या पोटात असायचंच.

पुढे आजारपणाचे दिवस संपले आणि तुम्ही पुन्हा कामावर गेलात. प्रेसवर नाही, पॅकिंगला, तिथून गेटवर. शर्टाची बटणं आई लावायची. पण मला सगळ्यात जास्त आठवतं ते तुमचं जेवण. मासे म्हणजे तुमचा जीव, आणि उरलेल्या बोटांनी बांगड्याचे काटे काही निघेनात. आई काढून द्यायची तेव्हा तुम्ही मुकाट जेवायचात. ती गावी गेलेली असताना मी काढून द्यायला गेले तर ताट सरकवलंत. म्हणालात, भूक नाही. नंतर नंतर लग्नाच्या पंगतीला जाणंच सोडलंत. मला वाटायचं, मनात खोट आहे म्हणून माणसांत जात नाहीत. किती वाईट विचार करायचे मी तुमच्याबद्दल, आता लिहितानाही लाज वाटते.

तर काल, तिला हॉस्पिटलातून घरी सोडल्यावर, मी त्या बाईकडे गेले. वाकोल्याला राहते, मूळची जालन्याकडची, नवरा रिक्षा चालवतो. घरात बाबासाहेबांची तसबीर, तिच्याखाली पोरीची दहावीची पुस्तकं रचलेली. पोरगी चहा करायला उठली. बाईने मला खुर्ची दिली आणि मी काही विचारायच्या आत म्हणाली, "मॅडम, आजारीच लिवा. घरी लागलं म्हणून लिवा."

माझं डोकं सटकलं. मी म्हटलं, "कोणी शिकवलं तुला हे? काय देतो म्हणाले?"

तिने बँडेजचा हात माझ्यापुढे धरला. मग म्हणाली, "कोण काय देतंय मॅडम? बोटं माझी गेली आणि चोर पण मीच का?"

तीच पुढे म्हणाली, "पिन मी घातली ना बटणात. चूक माझीच हाये. आणि अपंग म्हणून कागदावर लागलं तर ठेवतील का कामावर? तुमीच सांगा. या पोरीची फी कोण भरंल?"

बाबा, ते तुमचंच वाक्य होतं. फक्त तुम्ही ते ओरडून म्हणाला होतात आणि ती हळू म्हणाली. तिला कुणी मिक्सर दिला नव्हता. तुम्हालाही कुणी दिला नसणार. भिशी खरंच लागली असणार, आणि नवऱ्याच्या बोटांची काळजी करून थकलेल्या आईने पाटा सोडून मिक्सर आणला असणार, इतकं साधं ते होतं. काडी तुम्ही स्वतः घातली होती, म्हणून चूक आपली असं तुम्हाला वाटलं, आणि कागदावर अपंग लागलं की नोकरी जाते असं वाटलं. एवढ्या दोन गोष्टींच्या भीतीने तुम्ही चाळीत नसलेली मोटर बसवलीत.

मी तिला सांगितलं. पिन घातलीस तरी काम मालकाचंच करत होतीस, हक्क जात नाही. आणि कायमचं अपंगत्व लागलं तरी नोकरी करता येते. नोकरीचा पगार वेगळा, हे वेगळं. दोन्ही मिळतं.

"काम करत असताना पण?"

"काम करत असताना पण."

तिने डोळे बारीक केले. संशय म्हणजे काय हे मला कुणी शिकवू नये, पण त्या नजरेपुढे मीही कच्ची. "मग सगळे का नाय घेत?"

"कारण त्यांना कुणी सांगत नाही," असं मी म्हटलं आणि चहा तोंडाला लावला. चहा गरम होता. मी तसाच प्याले.

आज सकाळी अपघाताची नोंद केली. ठिकाण कारखाना, वेळ कामाची, पिनसुद्धा लिहिली. ऑनलाइन असतं आता सगळं, एकदा पाठवलं की गेलं. मॅनेजर म्हणाले, "तुम्ही कुणाच्या बाजूने आहात, मॅडम?" मी म्हटलं, "आजपर्यंत कुणाच्याच नव्हते." आता इन्स्पेक्शन येईल, माझी खुर्ची राहील की जाईल तेही माहीत नाही. त्याचं फारसं काही वाटत नाहीये.

हे पत्र कुठे पाठवायचं नाहीच आहे, विम्याच्या जुन्या फायलींमागे पडून राहील. म्हणून लिहिते. ती गुलाबी पुस्तिका तुम्ही नंतर मांडणीच्या हलत्या पायाखाली सारलीत, आठवतं? त्याच्या आधी मी ती वाचली होती. मराठीत होती, सोपी होती. कायमच्या अपंगत्वाचा भत्ता काम करत असतानाही मिळतो, हे त्यात शेवटून दुसऱ्या पानावर होतं. तुम्ही ओरडलात तेव्हा मी तेच सांगणार होते. रागाने गप्प बसले आणि सांगितलंत तसं मोटर लिहिलं. पुढे तीस वर्षं स्वतःऐवजी तुमच्यावर संशय घेणं मला बरं पडलं. राग दुसऱ्या दिवशीच गेला होता, बाबा. अर्ज त्यानंतर आणखी पाच दिवस घरातच होता, तांदळाच्या डब्याखाली. मला रोज दिसत होता.