काळ्या मशीनमधली अकरा गाणी

३ नोव्हेंबर २०२५
ऑपरेशन ठरलं. चौदा तारखेला, नागपूरला. आईच्या, आमच्या याडीच्या, घशातली गाठ काढताना स्वरयंत्रही काढावं लागणार. डॉक्टर म्हणाले, जीव वाचेल, आवाज जाईल. याडीनं विचारलं, मग हाक कशी मारू? 

४ नोव्हेंबर
तिचे ढावलो रेकॉर्ड करून ठेवायचे! सासरी जाताना नवरीनं रडत म्हणायची ती गाणी. आमच्या तांड्यात आता सगळी फक्त याडीलाच येतात. मला एक धड येत नाही. ती शिकवायला बसली की मी म्हणायचे, नंतर. माझ्या फोनवर घ्यावं तर नुसती खरखर येते.

६ नोव्हेंबर
गुलाबी मशीन घेऊन उमरखेडला गेले. बापूनं हौसेनं आणलेला स्वस्तातला लॅपटॉप, घरात वापरायचा. दोन वर्षांत नुसत्या अपडेटनंच भरला. एक गाणंही मावत नाही! दुरुस्तीवाला अक्षय म्हणाला, "कायले रागावता ताई त्याच्यावर? घरी पिच्चर पाहाले बनवलं हाये ते. याची मेमरी चिपकूनच येते, वाढवता येत नाही. तुमच्या कंपनीचं पाहा, दहा वर्सं हालत नाही."
ते काय मला माहीत नाही? पुण्याच्या कंपनीसाठी दवाखान्यांची कागदपत्रं टाइप करते, ती कंपनीनं दिलेल्या त्याच काळ्या मशीनवर. झाकण उघडलं की कामाला लागतं. पण ते माझं नाही.

८ नोव्हेंबर
केलं शेवटी. काळ्या मशीनवरच! कंपनीचा हेडफोन याडीच्या डोक्यावर, माइक तोंडापुढे. खाजगी काही ठेवणार नाही, अशी सही दिली आहे मी. ठेवलं.
अकरा ढावलो झाले. सातव्याला ती खरंच रडली. मीही. नंतर ऐकवले तर म्हणते, ही कोण बाई, बरी गाते!
एकच अडचण. त्या मशीनला पेनड्राइव्ह चालत नाही, मेलही बाहेर जात नाही. भाऊ शाम येईल ऑपरेशनला, त्याचा फोन चांगला आहे. मशीन वाजवून त्याच्यावर घेऊ.

९ नोव्हेंबर
परत ऐकले. काम मागे पडलं.

१४ नोव्हेंबर, नागपूर
झालं. गळ्याला भोक आहे. ओठ हलतात, आवाज नाही. शाम परस्पर इकडेच आला, मशीन घरी राहिलं. राहू दे, घाई काय आहे!

२४ नोव्हेंबर
बापूला याडीजवळ ठेवून मी कामासाठी परत आले. मशीन उघडलं, तर पडद्यावर एकच ओळ — हे उपकरण बंद करण्यात आले आहे. मग फोनवर निरोप. आमचा चाळीस जणांचा गटच बंद!
दुपारी कुरिअरवाला आला आणि मशीन घेऊन गेला. फोनवर एक फॉर्म भरायचा होता: मशीनमध्ये तुमचं खाजगी काही आहे का? हो / नाही.
ती सही आठवली. हो म्हटलं तर अनुभवाचं पत्र अडकवतील. पत्राशिवाय दुसरीकडे कोण घेणार?
'नाही'वर खूण केली. भित्री. नुसती भित्री!

२५ नोव्हेंबर
जेवले नाही.

१ डिसेंबर
याडीला घरी आणलं. टेकल्याबरोबर तिनं हात कानाशी नेला आणि टेबलाकडे बोट दाखवलं. मी म्हणाले, जखम भरू दे, मग ऐकू. तिनं मान डोलावली. माझ्यावर तिचा फार विश्वास आहे, त्याचीच भीती वाटते.
कंपनीला शिव्या घालत दिवस काढला. तेवढंच बरं वाटतं.

४ डिसेंबर
वैष्णवी मॅडमचा फोन आला. पुण्यात आमचं काम तपासायच्या त्या. म्हणाल्या, अनुभवाचं पत्र सगळ्यांनाच मिळतंय. पाच-सहा जणांनी 'हो' लिहिलं होतं; त्यांच्या पोरांचे फोटोबिटो काढून पाठवले आणि कालच सगळी मशीनं पुसली. "तुझं काही नव्हतं ना गं, ममता?"
याडी समोरच बसली होती, माझ्याकडे बघत.
मी म्हणाले, "नाही मॅडम."