जनूवरचा आळ

चामटोली
ता. ८ नोव्हेंबर १९८७

चि. सौ. द्रौपदीस ताईचे अनेक आशीर्वाद. वि. वि.

भाताची कापणी उरकली. गुडघे कुरकुरतात, पण अजून तुझ्याआधी स्टेशन गाठेन. यांच्यावर फिल्म काढायला मुंबईहून वृंदा नावाची मुलगी येते, हे मागे कळवलंच आहे. त्रेचाळीस साली यांनी चार माणसांनिशी डोंगरावरून लढून काढलेले शेवटचे एकवीस दिवस तिला हवे आहेत. तोडलेल्या तारा, पाडलेले विजेचे मनोरे, आणि ती पहाट. पोलिसांनी गुहेला वेढा घातला, आणि हे बाहेर आले ते बंदूक उचलूनच. गोळी लागून तिथेच गेले. मी सगळं सांगितलं. भाकरीचं गाठोडं पोचवणाऱ्या जनूने यांना विकलं म्हणून त्याची झोपडी गावाने जाळली, तेही सांगितलं. सांगताना अजून बरं वाटतं, खोटं कशाला बोलू.

मग तिने पोलिसांच्या जुन्या दप्तरातून उतरवून आणलेला कागद वाचला. खबर देणाऱ्याचं नाव वाळवीने खाल्लंय. पण त्याने आदल्या दुपारी चौकीत येऊन जबानी दिली आणि स्वतःच्या हाताने सही केली, असं लिहिलंय. द्रौपदी, जनू अंगठा लावायचा. गावात सही करणारे तेव्हा तिघेच. मास्तर तुरुंगात होते, हे डोंगरावर. तिसरे तुझे शंकरराव.

वेढ्याच्या आदल्या सकाळी गाठोडं मी शंकररावांच्याच हातात दिलं होतं. वाटेत ज्वर भरला, म्हणून ते जनूकडे दिलं आणि घरी येऊन निजलो, असं ते सांगत आले. तू घरात होतीस. ज्वर होता का, एवढंच कळव.

अनंताला आणि सूनबाईला आशीर्वाद. पत्राची वाट बघते.

तुझी ताई


विठ्ठलवाडी
ता. १५ नोव्हेंबर १९८७

ती. ताईस द्रौपदीचा शि. सा. नमस्कार. वि. वि.

पत्र पोचलं. अनंताचं फर्निचरचं दुकान बरं चाललंय, शेजारचा सिंधी शेठ सांभाळून घेतो. बेलवलीला ब्लॉक बघतोय, म्हणजे तुझ्या जवळच येऊ. यांचं बी.पी. वाढलंय, डॉक्टरांनी त्रास करून घेऊ नका म्हणून सांगितलंय. वृंदाबाई एकोणतीसला आमच्याकडे शूटिंगला येणार. दाजींचे साथीदार म्हणून इथलं मंडळ सव्वीस जानेवारीला यांचा सत्कार करणार आहे. हे रोज आरशासमोर बोलून बघतात.

ताई, चव्वेचाळीस वर्षांपूर्वीचा ज्वर कुणाला आठवतो? जनूही गेला, दाजीही गेले. आता उकरून काय करायचं? तू गुडघ्यांना तेल लाव, आणि माझ्यावर माया ठेव.

तुझी द्रौपदी


चामटोली
ता. १९ नोव्हेंबर १९८७

द्रौपदीस आशीर्वाद.

लहानपणापासून खोटं बोलायची वेळ आली की तू दुसऱ्याची तब्येत सांगतेस. मला उत्तर मिळालं.

झोपडी गावाने जाळली असं मी वृंदाला सांगितलं. काडी मी लावली होती. तुझ्याइतकं ते कुणाला ठाऊक? जनू हात जोडून सांगत होता, मी फक्त गाठोडं नेलं. त्याची मोतीबाई तान्ह्या मुलीला पदराखाली घेऊन ओरडत होती. आणि तू माझ्या शेजारी उभी होतीस. पावसाळ्याआधी जनू कुठल्याशा वीटभट्टीवर मेला.

शंकररावांचा जीव मला नको. मला त्यांचं नाव घेतलेलं हवंय, त्यांच्या तोंडावर, कॅमेऱ्यासमोर. एकोणतीसला तू बोल. नाही बोललीस तर मी येऊन तुमच्या चाळीच्या मधोमध उभी राहीन आणि बोलेन. नातवंडं ऐकताहेत म्हणून थांबणार नाही.

भागीरथी


विठ्ठलवाडी
ता. १ डिसेंबर १९८७

ती. ताईस नमस्कार.

बोलले.

हे नवा सदरा घालून खुर्चीत बसले होते. दाजींचं सगळं छान सांगितलं, ऐकताना अनंताच्या डोळ्यांत पाणी आलं. मग जनूवर आले, ज्वरावर आले. मी चहाचा ट्रे घेऊन उभी होते. तो खाली ठेवला आणि म्हटलं, ज्वर नव्हता. दुपार टळल्यावर घरी आले तेव्हा अंग गार होतं. चौकीत चहा पाजला, नोकरी लावतो म्हणाले, हे त्याच संध्याकाळी रडत मला सांगितलं होतं. पुढच्या महिन्यात शिपाई म्हणून लागलेसुद्धा.

हे वृंदाला म्हणाले, यंत्र बंद कर, हिच्या डोक्यावर परिणाम झालाय. तिने बंद केलं नाही. यांनी अनंताकडे पाहिलं. अनंता जमिनीकडे बघत होता. तेव्हा चष्मा काढून म्हणाले, मी बावीस वर्षांचा होतो. कालपासून भिंतीकडे तोंड करून पडलेत. मंडळाने सत्कार रद्द केला.

मी सतरा वर्षांची होते ताई, अनंता पोटात होता. झोपडी जळत होती तेव्हा मला माहीत होतं. हे आज पहिल्यांदा लिहिते.

आता घरात माझ्या हातचं पाणी कुणी घेत नाही. सूनबाई चुलीपाशी येऊ देत नाही. तुझा सूड पुरा झाला. मी तुझ्याकडे येऊ का?

द्रौपदी


चामटोली
ता. ५ डिसेंबर १९८७

द्रौपदीस,

तुझं पत्र आलं त्या दिवशी मी पोटभर जेवले. भिंतीकडे तोंड करून पडलेले शंकरराव डोळ्यांसमोर आणून जेवले. दुसऱ्या दिवशी घास उतरेना. माझ्या हातातली काडी विझवायला तुझा एक शब्द पुरला असता. तो तू चव्वेचाळीस वर्षं पोटात ठेवलास, आणि दर दिवाळीला मला लुगडं पाठवलंस. मी ती नेसले. जेवढी शिल्लक होती तेवढी काल चुलीत घातली.

तुला माफ केलेलं नाही, करणारही नाही. स्वतःलाही नाही.

तरी ये. पण आधी माझ्या घरी नाही. मोतीबाई अजून आहे, धरणाच्या बाजूच्या वाडीत मुलीकडे राहते. वृंदाने शोधून काढलं. गुरुवारी सकाळी दहाला मी बदलापूर स्टेशनवर उभी असेन. तिथून आपण दोघी चालत जाऊ. तू तुझं सांग, मी माझं सांगेन. तिने मारलं तर मारून घ्यायचं. दार लावलं तर ती उघडेपर्यंत बाहेर बसायचं. तिथून उठल्यावर तुला घरी नेते की नाही, ते तेव्हा बघू.

वाट खडकाळ आहे. जाड चपला घालून ये.

भागीरथी