बिनआवाजाचा कूलर

मंगळवार, संध्याकाळ, कोहका

कुम्हारीतल्या आमच्या कारखान्यात आज मीटिंग झाली. नव्या कूलरच्या खोक्यावर काय छापायचं? कूलर बाजूलेच घरघर करून राहिला होता, अन् सेल्सचा वर्मा त्याच्यावरून ओरडून सांगून राहिला होता, "मॅडम, लिखिए, बिल्कुल आवाज नहीं!" त्या कूलरची मोटर बसवणारा प्रॉडक्शनचा साहू कानामागं हात धरून विचारते, "क्या बोले?" अन् समजल्यावर म्हणते, "सही है!" दोघंही लाज कोळून प्यालेत. अन् मार्केटिंगची हेड म्हणून यांले सांभाळून घेणं माझं काम! कावून? मीच का?

शेवटी मलेच विचारलं, छापायचं का? मी "हो" म्हटलं. त्या घरघरीत कोणाले ऐकूच गेलं नाही. मग मी उठली, कूलर बंद केला, अन् पुन्हा "हो" म्हटलं.