मामा, ते मुद्दाम ढिलं ठेवलेलं असतं

तीर्थरूप मामांना भाच्याचा साष्टांग नमस्कार. (साष्टांग घालायला खोलीत जागा नाही. इथे आडवं व्हायचं तर कुणाच्या तरी पायाला डोकं लागतं आणि नमस्कार भलत्यालाच पोचतो. म्हणून बसल्या बसल्या घातलाय, चालवून घ्या.) तुमचा गुडघा कसा आहे? मामीचा खोकला? माझी तब्येत उत्तम आहे, म्हणजे विचारायला कुणी नाही म्हणून उत्तम.

तुमचं पत्र पोचलं. दोन्ही पानं पाठपोट भरलेली, त्यात माझ्याबद्दल एक ओळ, तीही ‘तू मजेत असशीलच’ अशी. बाकी सगळं तुमच्या चिरंजीवांबद्दल. त्यांचं दुकानात मन लागत नाही, लाकडाच्या भुशानं त्यांना शिंका येतात, तर तुझ्या कारखान्यात त्यांना कुठेतरी चिकटव. मामा, दुकानात मन लागत होतं ते माझं. मला शिंका येत नव्हत्या. पण एका बाकड्यावर आम्ही दोघं मावेना झालो तेव्हा तुम्ही मला म्हणालात, ‘‘तू जुळवून घेणारा आहेस, तू कुठेही राहशील.’’ मी येडा, मला ती शाबासकी वाटली.

तर आधी इथे काय झालं ते ऐका. आमच्याकडे कंप्युटरची लोखंडी कपाटं बनतात, चांगली माणसाएवढी. त्यात कंप्युटरचे चपटे डबे ड्रॉवरसारखे सरकवायचे, बिघडला की ओढून काढायचा, दुसरा घालायचा. डब्याच्या पाठीला प्लग आणि कपाटाच्या मागच्या भिंतीला त्याचं सॉकेट. डबा ढकलला की दोघं एकमेकांत बसले पाहिजेत, आणि तेही पार मागे अंधारात, जिथे हात जात नाही आणि डोळाही जात नाही. माझं काम सॉकेट दोन स्क्रूंनी भिंतीला लावायचं. पहिल्याच दिवशी बघतो तर स्क्रू शेवटपर्यंत पिळला तरी सॉकेट आपलं डुगडुगतंय, म्हातारीच्या दातासारखं. दुसरं लावलं, तेही तसंच. म्हटलं, एवढा मोठा कारखाना आणि स्क्रू असले भिकार! मी तुमच्या हाताखाली शिकलेला माणूस. हललं की काम कच्चं, हे तुम्ही मला पट्टीनं शिकवलंय. (तुमचा ड्रॉवर एकदा बसला की उघडायला एक जण कपाट धरतो, दुसरा ओढतो, आणि गिऱ्हाईक घाम पुसत म्हणतं, काय मजबूत काम आहे!) मी भंगारातून वायसर वेचले आणि प्रत्येक स्क्रूखाली एकेक घातला, तेव्हा कुठे सॉकेट हलायचं थांबलं. कुणी सांगितलं नव्हतं. जेवणाची सुट्टी मोडून केलं. अख्खा माल असा पक्का करून पाठवला आणि वाट बघत बसलो, की आता कुणीतरी येऊन पाठ थोपटणार.

आले. पाठीपर्यंत आले, थोपटायचं राहिलं. गिऱ्हाइकाकडे एकही डबा आत जाईना. तिथल्या एका पहिलवानानं खांदा लावला, तर प्लगच्या पिना चेंगरून बसल्या. सगळा माल परत. आमचे साहेब (त्यांना सगळे हळूसाहेब म्हणतात, कारण ते ओरडतातही हळूच) मला कपाटापाशी घेऊन गेले आणि विचारलं, ‘‘हे कुणी आवळलं?’’ मी छाती काढून म्हटलं, मी.

‘‘अरे बाबा, ते मुद्दाम ढिलं ठेवलेलं असतं.’’

मग त्यांनी दाखवलं. डबा कधी नेमका सरळ येत नाही, केसभर इकडे नाहीतर तिकडे असतोच. म्हणून प्लगच्या दोन्ही अंगांना टोकदार खुंट्या असतात. त्या आधी सॉकेटच्या भोकांत शिरतात आणि सॉकेटला ओढून समोर आणतात. ते सरकतं, गरज पडली तर तिरकं होतं, मग पिना बिनबोभाट जागेवर. ‘‘दोघांतल्या एकानं हलावं लागतं, नाहीतर दोघं तुटतात,’’ साहेब म्हणाले. मामा, माझं डोकंच फिरलं. म्हणजे वाकडा यायचा डबा, आणि सरकायचं भिंतीवरच्यानं! डब्याला कुणी म्हणत नाही की जरा नीट ये.

आता माझी शिक्षा अशी की दिवसभर तोच डबा मुद्दाम वाकडा धरून आत ढकलायचा, बाहेर ओढायचा, आणि सॉकेट जुळवून घेतंय का बघायचं. घेतं मेलं. एकदासुद्धा कुरकुरत नाही. खोलीवरही तेच. माझी खाट दारात, कारण दारातली कुणालाच नको होती. येणारा प्रत्येक जण आधी माझ्या खाटेला धडकतो आणि वर मलाच शिव्या देतो.

म्हणून सांगतो, चिरंजीवांना इकडे पाठवू नका. त्यांच्यासाठी घरी तुम्ही सरकता, मामी सरकते, आणि मी तर सरकत सरकत इथपर्यंत आलो. इथे त्यांच्यासाठी कोण सरकणार? शिवाय भुसा नसला तरी पत्र्याचा कीस उडतोच, शिंका काही चुकत नाहीत. मी कुणाकडे शब्द टाकणार नाही. राग आला तर येऊ द्या.

मामीला नमस्कार सांगा.

तुमचा आज्ञाधारक (आजवर तरी)
भाचा

ता. क. शब्द टाकला. पाकीट बंद करायच्या आधीच टाकला. पाठवून द्या त्याला. जागा एकच आहे, डबा ढकलायची, म्हणजे माझी. मी सोडली तर साहेब ती त्याला द्यायला तयार आहेत. मी सोडतो.

ता. क. दुसरा. म्हणजे तुमचं बाकडं रिकामं होईल. मामा, मला परत घ्या. हे पहिल्या ओळीत लिहायचं होतं, लिहिता लिहिता इथे आलं.

ता. क. तिसरा. साहेबांनी विचारलं, कामाला कसा आहे तो? मी खरं ते सांगितलं, माझ्याइतका नाही. ‘‘मग मामानं त्याला दुकानात ठेवून तुला का धाडलं?’’ म्हटलं, तो मुलगा, मी भाचा. साहेबांनी माझ्या हातातला डबा काढून खाली ठेवला. मग नेहमीपेक्षाही हळू म्हणाले, ‘‘आधी मामाचं उत्तर येऊ दे. मग जागा सोड.’’

म्हणून अजून सोडलेली नाही.