शेवटच्या भागात मी बदललेले वाक्य

मी, या घरातील थोरली मुलगी, वय वर्षे चोवीस, परभाषेची पदवीधर आणि सध्या भाषांतराची किरकोळ कामे करणारी, हे पत्र आमच्या बाहेरच्या खोलीत खिडकीजवळ बसून स्वतःच्या हाताने लिहीत आहे. माझी बुद्धी ठिकाणावर आहे. मला कोणी भरीस घातलेले नाही. उलट आईने दोनदा डोकावून "असलं अभद्र काय लिहीत बसलीस, त्यापेक्षा कपड्यांच्या घड्या घाल" असे बजावले आहे.

येत्या मंगळवारी माझ्या गळ्यातील गाठ काढायची आहे. डॉक्टरीणबाई म्हणतात की जिवाला धोका जवळजवळ नाही. मात्र गाठ आवाजाच्या नसेला लागून आहे, आणि शंभरात एखाद्याचा आवाज जातो. हे दुसरे वाक्य मी घरात सांगितलेले नाही. माझा जीव गेला तर हे मृत्युपत्र समजावे. नुसता आवाज गेला तर कलम एक, सहा आणि सात त्याच दिवसापासून लागू करावीत.

१. हे पत्र धाकटीने सर्वांसमोर मोठ्याने वाचावे. आमच्या घरात कुठलाही कागद आला की तो आधी माझ्या हातात येतो. कचेरीचे पत्र, औषधाच्या खोक्यातली माहितीची घडी, शाळेची सूचना, सगळे त्या परक्या भाषेत असते आणि मी ते आपल्या भाषेत वाचून दाखवते. मी बारा वर्षांची असल्यापासून हे चालू आहे. यापुढे ते काम धाकटीकडे जाईल. तिला माझी एकच अट आहे: ओळ गाळायची नाही. जी गाळावीशी वाटेल, ती आधी वाचायची.

२. घर भाड्याचे आहे, ते मला कोणाला देता येत नाही. बँकेतील माझी शिल्लक धाकटीच्या शिक्षणासाठी आहे. तिने काय शिकावे हे कोणीही ठरवू नये, मीसुद्धा नाही. लॅपटॉप तिचाच. त्याची एक कळ अडकते, ती नखाने उचलावी लागते. माझे दोन्ही शब्दकोश तिला. जाडा शब्दकोश टीव्हीखालून काढून घ्यावा आणि तिथे बाबांनी लाकडाचा ठोकळा लावावा, असे मी चार वर्षे सांगत आहे.

३. आत्याला मी काळी छत्री देते. ती तिचीच आहे. मला पदवी मिळाली त्या दिवशी आत्या सगळ्यांसमोर म्हणाली होती, "शिकली खरी, पण टीव्हीतल्या यानांची भाषा शिकली." त्यावर बाबा म्हणाले, "ताई, त्या यानात इंजिन आहे. तुझ्या बोलण्यात तेवढंही नाही." मी आत्याला माफ केले आहे. छत्री मात्र मी त्याच दिवशी मुद्दाम ठेवून घेतली होती.

४. आता त्या यानाविषयी. आत्याचे म्हणणे खरेच आहे, ती भाषा मी शाळेपेक्षा टीव्हीवरच्या एका परदेशी मालिकेतूनच जास्त शिकले. अकरा वर्षे, एकशे सत्तेचाळीस भाग. शंभर माणसांना घेऊन एक जुनाट अंतराळयान नवे घर शोधत फिरते, एवढीच गोष्ट. यानाच्या इंजिनावर एक म्हातारा कामगार होता. त्याचे खरे नाव आमच्या घरात कोणाच्या जिभेवर बसले नाही, म्हणून आम्ही त्याला मिस्त्री म्हणायचो. बाबा स्वतः बटणांच्या कारखान्यात फिटर. मिस्त्रीने पाना उलटा धरला की बाबा टीव्हीला ओरडायचे.

दर रविवारी दुपारी खोलीत पाच प्रेक्षक असत: बाबा, आई, धाकटी, वरच्या मजल्यावरची शिंपीणमावशी आणि निवृत्त पोस्टमनकाका. मी टीव्हीशेजारी स्टुलावर बसून, पात्रे बोलतील तसे लगेच आपल्या भाषेत सांगत असे. मध्ये थांबवायला बाबांची बंदी होती. "थांबवलंस की इंजिन गार पडतं," म्हणायचे. मी एकही भाग आधी पाहून ठेवला नाही. सगळ्यांना कळेल तेव्हाच मला कळावे, असे मी तेराव्या वर्षी ठरवले होते.

हार्ड डिस्कवर सगळे भाग आहेत. ती शिंपीणमावशीला द्यावी. आईला देऊन उपयोग नाही, ती दहाव्या मिनिटाला झोपते आणि शेवटी उठून "मेला का तो?" एवढेच विचारते.

५. मालिकेच्या चाहत्यांचा एक गट मोबाईलवर आहे, अठरा हजार माणसांचा. त्याची मी एक ॲडमिन आहे. ती जबाबदारी कोणी नीट माणूस मिळेपर्यंत रिकामी ठेवावी, पण 'सेनापती' या नावाने लिहिणाऱ्या गृहस्थांना देऊ नये. शेवटचा भाग पाहून जे रडले त्यांनी आयुष्यात एकही पुस्तक वाचलेले नसणार, असे त्यांनी लिहिले होते. मी त्यांना वाचलेल्या पुस्तकांची यादी पाठवली. अजून उत्तर नाही.

शेवटचा भाग संपल्यावर पहिल्या तासात चार हजार संदेश आले. "माझी अकरा वर्षं परत करा." "नऊ मिनिटं एक म्हातारा लादी झाडतो, याला शेवट म्हणतात?" एकाने मुलीला यानाच्या कप्तानबाईचे नाव ठेवले होते, तो विचारत होता की आता मुलीला काय सांगू. शेवट पुन्हा चित्रित करा म्हणून सह्यांची मोहीम निघाली. एका परिचारिकेने मात्र लिहिले, "आमच्या वॉर्डात तिघे एकत्र बघत होते. संपल्यावर एकजण म्हणाला, सिस्टर, आज खाटांमधला पडदा ओढू नका." असे मला आवडलेले संदेश मी निळ्या वहीत उतरवले आहेत. वही पोस्टमनकाकांना द्यावी. लोकांची पत्रे त्यांनी तीस वर्षे पोहोचवली, उघडून एकही वाचले नाही. ही त्यांनी खुशाल वाचावीत.

६. सगळे जग असे भांडत होते आणि आमच्या खोलीत समाधान होते. त्याचे कारण मी आहे. हे कलम धाकटीने सावकाश वाचावे.

शेवटच्या भागात यान मोडकळीला येते. सगळे यानाला जोडलेल्या लहान होडीत बसून नव्या ग्रहाकडे निघतात. होडी सुटेपर्यंत इंजिन कोणीतरी चालू ठेवायला हवे, म्हणून मिस्त्री मागे राहतो. होडी दूर जाते आणि बिनतारी यंत्रावर कप्तानबाईचा आवाज येतो. ती म्हणते, "आम्हाला परत येता येणार नाही. आम्हाला माफ कर."

मला ते वाक्य सांगायला दोन सेकंद होते. मी बाबांकडे पाहिले. बाबांचा कारखाना बंद होऊन तेव्हा दोन वर्षे झाली होती. मालक जाताना म्हणाले होते, "यंत्रं सांभाळा, आम्ही येतोच." तेव्हापासून बाबा रोज सकाळी डबा घेऊन जात, कुलूप उघडत, बारा साचे आणि चार प्रेस यांना तेल घालत, पुसत, आणि संध्याकाळी परत येत. त्या दिवशी ते खुर्चीच्या अगदी कडेला आले होते.

मी म्हणाले, "तिथेच थांब. आम्ही परत येतोय."

त्यानंतर नऊ मिनिटे पडद्यावर कोणी बोलतच नाही. मिस्त्री एकेक पाना पुसून जागेवर लावतो, काच साफ करतो, लादी झाडतो. त्यात मला सांगण्यासारखे काही नव्हते. माझ्याऐवजी बाबाच बोलले, "बघा, पाहुणे यायच्या आधी माणूस घर आवरतो, तसं चाललंय त्याचं." शिंपीणमावशीने गळ्यातल्या मोजपट्टीने डोळे पुसले. पोस्टमनकाका म्हणाले, "टपाल उशिरा येतं, पण येतं." आई उठली. "मेला का तो?" "नाही गं, न्यायला येतायत त्याला." "मग बरं," म्हणून ती पुन्हा झोपली.

दुसऱ्या दिवशी बाबा नवा झाडू घेऊन कारखान्यात गेले. त्याच आठवड्यात पोस्टमनकाकांनी निरोप आणला की त्यांच्या भाच्याच्या इमारतीत लिफ्ट सांभाळायला जाणता माणूस हवा आहे. बाबा म्हणाले, "नको. ते आले आणि मी जागेवर नसलो तर?"

७. सात आठवड्यांपूर्वी कारखान्याचे पत्र आले. त्यात असे आहे: कारखाना कायमचा बंद झाला, यंत्रे मोडीत विकली, या महिनाअखेर माणसे येऊन ती उचलून नेतील, बाबांनी किल्ल्या त्यांच्याकडे द्याव्यात. मी बाबांना वाचून दाखवले, "पुढच्या महिन्याच्या अखेरीस माणसं पाहणीला येणार आहेत."

पहिले खोटे दोन सेकंदांत झाले. दुसऱ्याला मला अख्खी संध्याकाळ मिळाली होती. बाबा तेव्हापासून प्रेसला पॉलिश करत आहेत. पत्र जाड्या शब्दकोशात ठेवले आहे. त्याचे काय करायचे ते बाबांनी ठरवावे. मी ठरवायला नको होते.

मला शिकवण्यासाठी बाबांनी दुसरी पाळी केली, आईने दुसऱ्यांचे कपडे धुतले. शिकलेल्या माणसाने घरात उजेड आणावा, असे मी शाळेच्या निबंधात लिहिले होते आणि आजही मानते. पण सगळ्यांना दिसेल एवढा दिवा लावण्याऐवजी, मला बरे वाटेल तेवढाच कोपरा मी उजळला. त्याची मी क्षमा मागते.

८. माझे कपडे ज्याला येतील त्याने घ्यावेत. हिरवा स्वेटर बाबांचा आहे, तो त्यांनी परत मागू नये म्हणून मी आटवला होता.

येथे मृत्युपत्र संपले होते.

पुरवणी

वरील पत्रावर सह्या घेण्यासाठी मी शनिवारी शिंपीणमावशी आणि पोस्टमनकाकांना बोलावले. साक्षीदाराने मजकूर ऐकायलाच हवा असे नाही, असे मी सांगितले. मावशी म्हणाली, "न वाचता सही करायला मी काय मंत्री आहे? वाच." मी वाचले. सातव्या कलमानंतर पोस्टमनकाका चष्मा पुसत बसले. मावशी म्हणाली, "आणि हे त्याला तू मेल्यावर कळायचं? ते पण धाकट्या पोरीच्या तोंडून? तुझं तोंड शिवलंय का आत्ता? मंगळवारपर्यंत आहे ना आवाज?" तिने सही करायला नकार दिला. "आधी खाली बसून बापाला सांग. मग आण तुझा कागद."

रविवारी दुपारी मी बाबांना म्हणाले, "मला शेवटची बारा मिनिटं पुन्हा लावायची आहेत. त्यात एक वाक्य मी चुकीचं सांगितलं होतं. मुद्दाम." बाबा म्हणाले, "लाव." कप्तानबाई बोलली आणि मी ते वाक्य जसेच्या तसे सांगितले. मग ती नऊ मिनिटे सुरू झाली. बाबा पापणी न हलवता बघत होते. मिस्त्री काच पुसू लागला तेव्हा त्यांनी विचारले, "आता कोणीच येणार नाहीये?"

"नाही."

"मग तो पुसतोय कशाला?"

"माहीत नाही, बाबा. ते सांगितलेलं नाही."

मिस्त्रीने शेवटचा पाना लावून दिवा मालवल्यावर बाबा म्हणाले, "पाळी संपली की हत्यारं पुसून ठेवतात. कोणी येवो न येवो." अठरा हजार माणसांपैकी एकालाही हे सुचले नव्हते. मी ते निळ्या वहीत अजून लिहिलेले नाही, कारण त्यानंतर लगेच मी टीव्हीखालून शब्दकोश काढून कारखान्याचे पत्र वाचले. सगळे. तारखेसह.

बाबा ओरडले नाहीत. "सात आठवडे मी तिथे पॉलिश करत होतो. लोक बघत होते मला." मी हो म्हणाले. "तुला शिकवलं ते यासाठी?" मी नाही म्हणाले. ते उठून बाहेर गेले. आई म्हणाली, "जाऊ दे त्यांना, चालून येतील." संध्याकाळी परत आले ते पोस्टमनकाकांच्या दारावरून. लिफ्टचे काम अजून रिकामे आहे का हे विचारून आले होते. माझ्याशी बोलले नाहीत. आज, सोमवारी, सकाळीही नाही.

दुपारी दवाखान्याचा संमतीचा कागद भरायचा होता. त्यावर घरच्या एकाची सही लागते. बाबा टेबलाशी बसले आणि म्हणाले, "वाच." मी वाचला, आवाज जाऊ शकतो ही ओळ सगळ्यांत आधी. आई घड्या घालता घालता थांबली. बाबांनी कागद स्वतःकडे ओढून पाहिला. त्यातली अक्षरे त्यांना लागत नाहीत.

"आता तू खरं वाचलंस, हे मला कसं कळायचं?"

"कळणार नाही, बाबा."

त्यांनी शर्टाच्या खिशातून पेन काढले, टोपण उघडले, आणि म्हणाले, "कुठे करू सही, दाखव."

मी बोट ठेवले. तिथे त्यांनी सही केली.

पुरवणीसह हे पत्र मी पूर्ण शुद्धीत वाचून पाहिले. त्यात आता एकही वाक्य बदललेले नाही.

लिहून देणार: थोरली (सही)

आमच्यादेखत सही झाली, आणि सगळे ऐकून मगच आम्ही सही केली:
१. वरच्या मजल्यावरची शिंपीण (सही)
२. निवृत्त पोस्टमन (सही)

स्थळ: बाहेरची खोली, खिडकीजवळ
दिनांक: सोमवार, शस्त्रक्रियेच्या आदल्या दिवशी, दुपारी चार वाजता