न घेतलेला प्याला

मावला, सोमवार

दादांस दौलतचा नमस्कार,

काल चर्चमध्ये माझी फजिती झाली. पास्टर तेलुगूत उपदेश करतात आणि मी शेजारी उभा राहून एकेक वाक्य मराठीत सांगतो. चौथी शिकलेला मी, दुकानांच्या पाट्या वाचून तेलुगू शिकलो. अकरा वर्षांत एकही वाक्य अडलं नव्हतं. काल अडलं. भावाचं मन दुखावलं असेल तर आधी त्याला भेटा, मगच प्रभुभोजन घ्या, असं पास्टर म्हणाले.

"थांबले काऊन, भाऊ?" पुढे बसलेल्या कौशल्याबाई ओरडल्या. "तुमालेबी कठीण जाते वाटते!"

सारे हसले. मी वाक्य पुरं केलं. पण येशूच्या आठवणीत महिन्यातून एकदा द्राक्षरस घेतो, तो प्रभुभोजनाचा प्याला हाती आला, तेव्हा न पिता पुढे दिला.

दादा, बाबांच्या दहाव्याला मी पिंडाला हात लावला नाही. माझा विश्वास येशूवर आहे, तो आजही तसाच आहे. पण साऱ्या भावकीसमोर तुम्हाला 'अडाणी' म्हणालो, ते माझं पाप. मी आपला आपण शिकलो, असं सगळ्यांना सांगत फिरतो. बाराखडी तुम्ही गिरवून घेतली होती, हे कुणाला सांगत नाही.

हे पत्र टाकणार नाही. माफी टपालानं मागू नये. उद्या पावणेआठच्या बसनं मीच भीमपूरला येतो. तुम्ही दार लावून घेतलं तरी ओट्यावर बसून राहीन. पुढच्या प्रभुभोजनाला अजून सत्तावीस दिवस आहेत.

तुमचा धाकटा,
दौलत