सरदारांच्या गावातला भोंगा

दिघी, मंगळवार

आदरणीय संघर्षदादा यांस धाकट्या आम्रपालीचा सप्रेम जयभीम.

तुझं वर्कशॉप नीट चालू असेल, वहिनींची कंबर ताळ्यावर आली असेल आणि चाकण चौकात अडकलेला तू एव्हाना घरी पोहोचला असशील, अशी आशा करते. आबा बरे आहेत. गुडघे सोडले तर तक्रार फक्त लेकीबद्दल आहे. पुतण्या, म्हणजे तू, कधी येतो म्हणून रोज विचारतात.

पत्राचं कारण (फोन केला की मशीनच्या आवाजात तू नुसतं 'हां हां' म्हणतोस, म्हणून पत्र) असं, की मी आपल्याकडच्या नव्या इतिहास संग्रहालयाच्या मित्रमंडळाची सभासद झाले. इथेच पहिली फसगत. आपल्याकडे मित्रमंडळ कशाला म्हणतात हे जन्मापासून ठाऊक असूनही मला वाटलं, हे संग्रहालयाचे मित्र असतील! पहिल्या बैठकीत इतिहासावर अवाक्षर नाही. फ्लेक्सवर कुणाचा फोटो केवढा, यावरून दोन गट पडले. फ्लेक्स लागला तेव्हा त्यावर सगळे होते, संग्रहालय तेवढं नव्हतं. तो पाहून शेजारच्या कुसुमताईंनी मला विचारलं, "अगं, मूर्ती कुठं बसवणार यंदा?"

मग वस्तू जमवायचं ठरलं आणि घराघरांतून तलवारी निघाल्या. प्रत्येकाचे पणजोबा सरदार! (सगळेच सरदार, तर हे हुकूम कुणाला सोडत होते?) एका तलवारीच्या मुठीवर दुकानाचा स्टिकर होता, तो अध्यक्ष मालोजीरावांनी नखानं खरवडला. आपल्या पूर्वजांच्या हाती काय दिलं होतं ते सांगितलं तर मंडळींना चहा गोड लागणार नव्हता. म्हणून ते मुद्दाम आधी सांगितलं आणि मग आबांचा भोंगा टेबलावर ठेवला. तोच, कंपनी बंद पडल्यावर आबांनी भंगारवाल्याशी भांडून घरी आणलेला, हातानं फिरवायचा, पितळी कर्ण्याचा. आबांनी वाजवलेल्या या भोंग्यावर अर्धी भोसरी उठली, जेवली आणि घरी गेली. मालोजीराव म्हणाले, "ताई, ह्ये भंगार हाय. इतिहास न्हाई."

तरी मी तो संग्रहालयाच्या जिन्याखाली ठेवून आले, कारण घरी आबा वाट बघत होते. त्यांना एवढंच हवंय, की भोंगा काचेमागे असावा आणि खाली त्यांचं नाव असावं. कंपनीनं आयुष्यभर टोकन नंबरानं हाक मारलेल्या माणसाला एवढंही मिळू नये, याचा मला फार संताप येतो, दादा.

उद्घाटनाच्या दिवशी वीज गेली. माइक बंद, पाहुणे घामाघूम, गर्दी कुणाला ऐकेना. शेवटी मालोजीरावांनीच मला खूण केली, वाजवा तुमचं ते काय ते. मी हँडल फिरवलं आणि काय सांगू! पहिल्या रांगेतली फेटेवाली सरदार मंडळी ताडकन उठली आणि गेटपाशी रांग लावून उभी राहिली. एकानं तर झडतीसाठी हात वर केले. मालोजीराव खुर्चीखाली डबा शोधत होते. पाहुण्यांना वाटलं मानवंदनाच आहे, त्यांनीही सलाम ठोकला. हसून हसून मला उभं राहवेना. त्यानंतर भोंगा आत ठेवायचा ठराव एकमतानं झाला. आपलं काम झालं, मन भरून आलं. वहिनींना जयभीम, पोरांना गोड पापा.

तुझी बहीण,
आम्रपाली

ता. क. आत्ताच संग्रहालयात जाऊन आले. भोंगा काचेच्या कपाटात, अगदी मधोमध आहे. खाली पाटी: 'रणशिंग. सरदार मालोजीरावांच्या पणजोबांनी रणांगणावर फुंकलेले.' फुंकलेले! अरे, त्याला हँडल आहे!

आणखी एक ता. क. आबा रविवारी बघायला येणार आहेत, शर्टाला इस्त्रीसुद्धा झाली. तेव्हा शनिवारीच एक पितळी पाटी करून आण: 'कंपनीचा भोंगा. वाजवणारे: भिवा सोनू ओव्हाळ.' ड्रिल मशीनही आण. कपाटाची किल्ली माझ्याकडेच असते. (मित्रमंडळात झाडलोट कुणाच्या वाट्याला आली, हे तुला सांगायला नको.) आणि दादा, स्क्रू नकोत, ते काढता येतात. रिव्हेट आण.